कॅन्सरच्या उपचारानंतर पुन्हा सायकल: पहिल्या दहा मिनिटांपासून देणगीच्या राइडपर्यंत (खास बडोदेकरांसाठी)

बडोद्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: इथे चढ नाही. पुण्याच्या माणसाला केमोनंतर घराबाहेर पडल्या पडल्या चढ आडवा येतो. आपल्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल, आणि तो खालच्या रस्त्याने टाळता येतो. बाकी ऊन, गायी, कुत्री, रिक्षा आणि डिसेंबर उजाडला की पतंगाची दोरी, हे सगळं आहेच. त्याबद्दल पुढे येईलच.

उपचार संपलेत किंवा फक्त गोळ्या चालू आहेत, सायकल परत सुरू करायची आहे, आणि जमलंच तर कॅन्सरच्या रुग्णांसाठी पैसे गोळा करणारी एखादी राइड करायची आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. मी स्वतः स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांतून गेले आहे आणि हल्ली नव्याने येणाऱ्यांबरोबर सकाळी सायकल चालवते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल जे सांगेन ते तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे.

एक आग्रह मात्र आत्ताच सांगून ठेवते. राइडची तारीख आधी जाहीर होते, काका-मावश्या पैसे पाठवतात, आणि मग शरीर तयार असो वा नसो, निघावंच लागतं. असं होऊ द्यायचं नाही. देणगी किलोमीटरला बांधू नका. बाकीचं सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

डॉक्टरांकडे नेमके प्रश्न घेऊन जा

"सायकल चालवू का?" असं विचारलं की ओपीडीच्या गर्दीत "हो, हळूहळू चालवा" एवढंच उत्तर मिळतं. त्याचा काही उपयोग नाही. कागदावर प्रश्न लिहून न्या.

ताज्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट किती आहेत? हिमोग्लोबिन कमी असेल तर धाप लागण्याचं कारण तिथेच सापडतं, उगाच स्वतःला आळशी म्हणवून घेऊ नका. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली असतील तर पडण्याची शक्यता असलेला व्यायाम साधारणपणे नको म्हणतात, आणि सायकलवरून माणूस पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

डॉक्सोरुबिसिन (तेच ते लाल सलाईन) किंवा ट्रास्टुझुमॅब घेतलं असेल तर शेवटचा इको कधी झाला, हृदयाचं पंपिंग किती आलं, हे विचारायचंच. या दोन्ही औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो आणि तो नेहमी जाणवतोच असं नाही. ब्लिओमायसिन घेतलं असेल तर फुप्फुसांबद्दल विचारा. आजार हाडांत गेला असेल, किंवा हार्मोनच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ झाली असतील, तर रस्त्यावर उतरायचं की घरातल्या स्थिर सायकलवरच थांबायचं, हा निर्णय त्यांचा. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि पोटावर पिशवी असलेल्यांनी किती दिवस जोर लावायचा नाही ते विचारावं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर सीटवर बसायची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शिवाय पीएसएची (प्रोस्टेटसाठीची रक्ताची) तपासणी असेल तर आधीचे दोन दिवस सायकल बंद ठेवा असं बरेच डॉक्टर सांगतात, म्हणजे आकडा उगाच वर दिसून घरभर घाबरगुंडी उडत नाही.

घरचे अडवत असतील, "आता आराम कर, कशाला ती सायकल" असं सासूबाई म्हणत असतील, तर त्यांना दोन गोष्टी सांगा. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये सांगितलं की आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास मध्यम व्यायाम केला तर उपचारानंतरचा थकवा, चिंता आणि उदासी कमी होते. आणि २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. केमोनंतर तीन वर्षं कुणाच्या तरी देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगत होते. ज्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली होती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होतं. त्यातले बरेच जण झपाझप चालतच होते, कुणी शर्यती जिंकत नव्हते.

आधी चाला

सपाट रस्त्यावर अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळत नसाल, तर सायकलची वेळ आली. तोवर नाही. मधल्या काळात घरात खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं चालू ठेवा. मांड्या महिन्याभरात किती बारीक झाल्यात ते तेव्हा कळतं. स्थिर सायकल मिळाली तर उत्तम, पण त्यासाठी नवी विकत घेऊ नका. बडोद्यातल्या निम्म्या घरांत ती टॉवेल वाळत घालायला वापरतात, शेजारी विचारा.

सायकल तुमच्या आत्ताच्या शरीराला बेतून घ्या

इथे वेळ घालवा. आजाराआधी जी सायकल अंगाला बसलेली होती ती आता बसेलच असं नाही.

सीट खाली करा. सायकल नीट चालवण्यासाठी लागते त्यापेक्षाही खाली, इतकी की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. गुडघ्यांना ते आवडत नाही, पण पहिले काही आठवडे तोल गुडघ्यांपेक्षा महत्त्वाचा. पाय वरून टाकायला त्रास होत असेल तर मधला दांडा खाली असलेली, ज्याला सगळे लेडीज सायकल म्हणतात ती घ्या. पुरुषांनाही हे सांगते आहे. दांड्यात पाय अडकून पडण्यापेक्षा चार लोकांनी हसलेलं बरं.

आता ब्रेक. केमोतल्या टॅक्सेन किंवा प्लॅटिनम गटातल्या औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात, मुंग्या येतात, आणि हे महिनोन्‌महिने राहू शकतं. घरी एक चाचणी करा: डोळे मिटून शर्टाचं वरचं बटण लावून बघा. चाचपडावं लागलं तर तीच बोटं वळणावर ब्रेकही चाचपडतील. बहुतेक गिअरच्या सायकलींवर ब्रेकच्या दांडीला, जिथे ती हँडलला जोडलेली असते तिथे आतल्या बाजूला, एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी हँडलजवळ येते आणि बोटं ताणावी लागत नाहीत. स्क्रू अगदी लहान असतो, लहान अॅलन कीने किंवा पेचकसाने फिरतो, आणि बऱ्याचदा चिखलाने बुजलेला असतो. आधी जुन्या टूथब्रशने साफ करा. एकदम फार फिरवू नका: अर्धा फेरा, मग सायकल ढकलत चालत दोन्ही ब्रेक दाबून बघा, मग पुन्हा अर्धा. दांडी पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर ब्रेकची वायरही ताणून घ्यावी लागेल, ते काम दुकानातच करून घ्या. साध्या काळ्या सायकलीला असा स्क्रू नसतो, तिथे वायर बदलून, तेल देऊन ब्रेक हलका करून मिळतो. तळवे बधिर असतील तर पॅडलवरून पाय सरकतो, म्हणून जाड तळाचे बंद बूट घाला, चपला नकोत.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर शरीराचा भार यायला नको. हँडल वर घ्या, म्हणजे पाठ ताठ राहील. डॉक्टरांनी दाबाची बाही (हात सुजू नये म्हणून घालायची घट्ट बाही) घालायला सांगितली असेल तर ती सायकलवरही घाला, मे महिन्यातसुद्धा. मी घालते, चिडचिड होते, तरी घालते. त्या हाताला खरचटलं, चेनचं ग्रीस लागून जखम चिघळली तर हात सुजून लाल होतो आणि ताप येतो, मग थेट डॉक्टर. म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घाला आणि चेन पडली तर दुसऱ्याला चढवायला सांगा. छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) असेल तर पाठीवर सॅक लावू नका, तिचा पट्टा बरोबर तिथेच घासतो.

पैसे असतील आणि दम पुरत नसेल तर बॅटरीची मदत देणारी सायकल घ्या. २५० वॉटपर्यंतची आणि २५ किलोमीटरच्या वेगात राहणारी असेल तर लायसन्स लागत नाही. कुणी म्हणालं की ही काही खरी सायकल नव्हे, तर त्यांना केमोची एक सायकल घेऊन बघायला सांगा.

पहिली दहा मिनिटं आणि दुसरा दिवस

पहिल्यांदा सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, कुणीतरी सोबत असताना, दहा मिनिटं. त्यात तीनदा चढा, तीनदा उतरा. पडण्याचे प्रसंग बहुतेक चढता-उतरताना येतात.

मग घरी जा आणि काही ठरवू नका. सायकलवर असताना सगळ्यांनाच बरं वाटतं, त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. खरा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी चारला लागतो. नेहमीची कामं उरकली का? की दुपारभर अंगात त्राण नव्हतं? उपचारानंतरचा थकवा झोपून जात नाही, तो साठत जातो. दुसरा दिवस ठीक गेला तर तेवढीच दहा मिनिटं पुन्हा, आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस सोडून. दोन आठवडे असे गेले की पाच मिनिटं वाढवा. दुसरा दिवस वाईट गेला तर मागच्या पायरीवर या, बंद करू नका. वेळ वाढवायचा तेव्हा वेग वाढवायचा नाही.

घड्याळातले नाडीचे आकडे बघून घाबरू नका. उपचारानंतर बसल्या जागीही नाडी जोरात चालू शकते, आणि काही गोळ्या ती मुद्दाम कमी ठेवतात. त्यापेक्षा बोलून बघा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं की वेग बरोबर आहे. गाणं म्हणता येत असेल तर थोडा जोर लावा, एकेक शब्द तुटत असेल तर थांबा.

छातीत दुखलं, चक्कर आली, आधी लागत नव्हती तशी धाप लागली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, पाठीच्या किंवा मांडीच्या हाडात नवी कळ सुरू झाली, किंवा ताप १००.४ च्या वर गेला: यातलं काहीही झालं तर सायकल तिथेच, आणि फोन डॉक्टरांना. ग्रुपवर सल्ला विचारत बसू नका.

कुठे आणि केव्हा

नवे लोक सरळ लांब जाऊन परत येतात. थकता तेव्हा तुम्ही घरापासून सर्वांत लांब असता, ही त्यातली मेख. सुरुवातीला घराभोवती चकरा मारा, कुठूनही पाच मिनिटांत घर यायला हवं. अकोटा, जुना पादरा रोड, अलकापुरीच्या आतल्या गल्ल्या सकाळी सहाला रिकाम्या असतात, साडेआठनंतर नाव काढू नका. अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) पावसाळ्यात पाणी भरतं, शिवाय बाहेर पडताना चढ आहेच. अटल उड्डाणपुलावर तर जाऊच नका: साडेतीन किलोमीटर सलग, वाऱ्यात, थांबायला कुठे आडोसा नाही. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात राहणाऱ्यांनी सायकल चालवण्याऐवजी मोकळ्या रस्त्यापर्यंत हातात धरून न्यावी, हे मी गंभीरपणे सांगते आहे.

सलग पाऊण तास जमायला लागलं की गोत्रीहून सेवासीकडे जा. सेवासीची जुनी वाव (पायऱ्यांची विहीर) हा चांगला थांबा आहे, तिथून परत फिरलं तरी राइड झाली. पुढे सिंधरोटला मही नदीपर्यंतचा रस्ता सुंदर आहे, पण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक नैऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो. जाताना तो तोंडावर असतो आणि येताना पाठीवर. हाच क्रम चांगला. उलट्या दिशेचा रस्ता धराल तर परतताना रडाल. हायवे टाळा. एक्सप्रेसवेवर तर सायकलला बंदीच आहे.

मार्चपासून सूर्य वर यायच्या आत घरी परतायचं. रेडिएशन झालेली कातडी उन्हात लवकर भाजते, तो भाग झाकूनच ठेवा. पाणी दर दहा मिनिटांनी दोन घोट, तहान लागायची वाट न बघता. राइड संपली की सेव-उसळ हा आमच्याकडचा धर्म आहे, पण पांढऱ्या पेशी कमी असताना हातगाडीवरचा कच्चा कांदा, चटणी आणि उसाचा रस बंद. घरून डबा आणा, आम्ही खाताना बसून बघा.

उत्तरायणाचे दिवस

१४ जानेवारीच्या आधी महिनाभर आणि नंतर आठवडाभर रस्त्यावर दोरी लटकत असते. काच लावलेली दोरी गळ्यावर आली तर धडधाकट माणूसही जखमी होतो, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरच्या माणसाने विचारही करू नये. स्कूटरवाले हँडलवर तारेची कमान लावतात तशीच सायकलला लावून मिळते, थोड्या पैशांत. गळ्याला जाड रुमाल, चष्मा, आणि वेग कमी. १४ आणि १५ तारखेला गच्चीवर जा, उंधियो खा, सायकल घरातच ठेवा.

आता देणगीची राइड

सलग तासभर जमतं आहे आणि दुसरा दिवस सुखाचा जातो आहे, असं महिनाभर झालं की मगच हा विषय काढा.

पहिला प्रश्न: पैसे कशासाठी? नुसतं 'कॅन्सरसाठी' म्हणू नका. गुजरातेत सरकारी आरोग्य योजनेच्या मा कार्डावर २०२३ पासून पात्र कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑपरेशन, केमो त्यात बसतं. बसत नाही ते दाहोदहून किंवा छोटा उदेपूरहून आलेल्या बाईच्या नवऱ्याची बुडालेली रोजंदारी, महिनाभर रेडिएशन चालू असताना रोजचं राहणं-जेवण, पुन्हापुन्हाचं बसभाडं. याच पैशांवाचून लोक उपचार अर्धवट सोडून गावी जातात. म्हणून छोट्या राइडने राहणं, जेवण, प्रवास यालाच हात घालावा. तिथे थोडे पैसेही मोठं काम करतात.

दुसरा: कुणाला? वाघोडिया तालुक्यात गोरजला मुनि सेवा आश्रमाचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे, अहमदाबादला असारव्यात गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट. देशपातळीवर इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून काम करते आहे, आणि मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना राहायला जागा देणारी सेंट ज्यूड २००६ पासून. कुणालाही निवडा, पण आधी फोन करून विचारा: अमुक कामासाठीच वापरा असं सांगून दिलेली देणगी घेता का? ८०जीची (देणाऱ्याला करसवलत मिळण्यासाठीची) नोंदणी चालू आहे का? लोकांना पैसे थेट पाठवता येतील असा क्यूआर द्याल का? यातल्या क्यूआरच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा. गणपतीच्या वर्गणीची सवय असलेल्या आपल्या लोकांना वाटतं की एकाने गोळा करून नेऊन द्यावेत. नको. तुमच्या खात्यात दुसऱ्याचा एक रुपयाही येता कामा नये.

तिसरा, माझ्या आग्रहाचा. 'किलोमीटरमागे दहा रुपये' अशी देणगी घेऊ नका. ऐकायला छान वाटते, पण विसाव्या किलोमीटरला पाय गळले की थांबणाऱ्याच्या डोक्यात रुग्णाचे पैसे फिरायला लागतात आणि तो पुढे जातो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० साली ३६ जणांनी सुरू केलेली पॅन-मास चॅलेंज ही अशा राइड्समधली फार मोठी राइड झाली, तिचे पैसे डेना-फार्बर कॅन्सर संस्थेला जातात. तिथेही प्रत्येकाने किमान किती रक्कम जमवायची हे आधीच ठरलेलं असतं, आणि लहान-मोठे वेगवेगळे मार्ग असतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. कॅन्सरनंतर मिळवलेली त्याची 'टूर द फ्रान्स'ची सातही विजेतेपदं डोपिंगमुळे २०१२ मध्ये काढून घेतली गेली एवढं सांगायचं आणि विषय बदलायचा.

नातेवाइकांना संदेश असा पाठवा:

"नमस्कार काका, आमचा सायकलचा ग्रुप कॅन्सरच्या रुग्णांच्या राहण्या-जेवणासाठी मदत जमवतो आहे. पैसे थेट संस्थेकडे जातात, त्यांचा क्यूआर सोबत आहे. मी किती लांब जाईन ते त्या दिवशी तब्येत ठरवेल, तुमच्या देणगीचा त्याच्याशी संबंध नाही. दोनशे-पाचशे जमेल ते द्या. पावतीसाठी पॅन नंबर संस्थेलाच कळवा, मला नको. काकूंना नमस्कार."

मार्ग ठरवताना एकाच बाजूचा ठेवा. वाघोडिया रोडने गोरज तीसेक किलोमीटर पडतं. हॉस्पिटललाच देणगी देणार असाल तर तिथे पोहोचून संपवा आणि परत टेंपोने या. जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) ट्रकमुळे रविवारी पहाटेच निघा. मागे एक गाडी हवीच, सायकल टाकता येईल अशी, आणि तिचा ड्रायव्हर सर्वांत शेवटच्या सायकलच्या मागे राहील. पुढे पळणाऱ्या भाच्याबरोबर नाही. दहाच्या वर लोक असतील तर पोलीस स्टेशनला आधी पत्र द्या. उपचारातून नुकत्याच उठलेल्यांनी शेवटचे पाच किलोमीटर करावेत: गाडीतून तिथवर यायचं, मग सगळ्यांबरोबर सायकलवर आत शिरायचं. फोटोत कोण कुठून निघालं ते कळत नाही.

राइडनंतर आठवड्याच्या आत संस्थेकडून एकूण जमा रक्कम लेखी घ्या आणि देणाऱ्यांना कळवा. करसवलत हवी असेल त्यांना हेही आधीच सांगा की ती जुन्या कररचनेतच मिळते, दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीवर मिळत नाही, आणि साधी पावती पुरत नाही. आयकर खात्याच्या पोर्टलवरून निघणारं देणगीचं प्रमाणपत्र संस्थेकडून आर्थिक वर्ष संपल्यावर, साधारण मेअखेरपर्यंत येतं. मे महिन्यात एकदा संस्थेला फोन करून कुणाचं राहिलंय का ते विचारा. पॅनमधला एक आकडा चुकला की ते अडकतं, आणि मग काका तुम्हालाच फोन करतात.